दिवस जाण्याआधी चालू गोळ्यांचं काय करायचं?

प्रश्न थोडक्यात असा आहे. वय ३२, पहिलंच बाळ, प्रयत्न साधारण चार महिन्यांनी सुरू करायचे आहेत. रोजच्या गोळ्या तीन: थायरॉइड कमी म्हणून लेव्होथायरॉक्सिन १०० मायक्रोग्रॅम, रक्तदाबासाठी टेल्मिसार्टन ४० मिलिग्रॅम आणि अर्धशिशी वारंवार उठू नये म्हणून टोपिरामेट ५० मिलिग्रॅम दिवसातून दोनदा. मिस्टर केस गळतात म्हणून फिनास्टेराइड घेतात. घरातून दोन सल्ले मिळाले आहेत. एक, सगळ्या गोळ्या आत्ताच बंद कर. दुसरा, पाळी चुकेपर्यंत घेत राहा, मग थांबव.

हे दोन्ही सल्ले धोक्याचे आहेत. तुम्ही चार महिने आधी विचारलंत ही फार चांगली गोष्ट आहे, कारण तुमच्या तिन्ही गोळ्यांचं उत्तर वेगवेगळं आहे: एक बदलायची, एक हळूहळू थांबवायची आणि एक सोडायची तर नाहीच, उलट दिवस गेल्यावर वाढवायची.

आधी दिवसांचा हिशेब बघू, कारण सगळं त्यावरच ठरतं. पाळी २८ दिवसांची धरली तर गर्भधारणा साधारण चौदाव्या दिवशी होते. म्हणजे पाळी चुकते तेव्हा गर्भ आधीच दोन आठवड्यांचा असतो. त्यानंतर सुमारे आठ दिवसांत त्याचं हृदय धडधडू लागतं. पाळी चुकल्यावर दोन आठवड्यांच्या आत मेंदू आणि मज्जारज्जू ज्या नळीतून घडतात ती नळी बंद झालेली असते. आता प्रत्यक्षात काय होतं ते बघा. पाळी चुकली की बहुतेक जणी आठवडाभर वाट बघतात, मग चाचणी करतात, मग डॉक्टरांची वेळ घेतात. पहिल्या भेटीपर्यंत ही नळी मिटलेली असते आणि बाकीचे अवयव अर्ध्या वाटेवर असतात. जिची पाळी पुढेमागे होते तिला तर कळायलाच सहा-सात आठवडे लागू शकतात. ‘पाळी चुकली की थांबवीन’ हा बेत म्हणूनच कोसळतो.

गर्भधारणेनंतरच्या पहिल्या दोन आठवड्यांत औषधामुळे इजा झालीच तर गर्भ टिकत नाही, किंवा पूर्ण सावरतो, असं सर्वसाधारणपणे मानलं जातं. घरातला दुसरा सल्ला बहुधा तिथूनच आला असावा. पण तो जपून घ्यावा लागतो, कारण काही औषधं शरीरात त्याहून कितीतरी जास्त काळ रेंगाळतात. वेळेचं महत्त्व किती, हे थॅलिडोमाइडने शिकवलं. १९५७ ते १९६१ या काळात हे औषध झोपेसाठी आणि उलट्यांसाठी दिलं जात होतं. गर्भधारणेनंतर साधारण २० ते ३६ दिवस या टप्प्यात ते पोटात गेलं तर बाळाच्या हातापायांत दोष निर्माण होत. तो टप्पा ओलांडल्यावर तीच गोळी घेतली तर ते दोष होत नसत.

मग सगळं आत्ताच बंद का करायचं नाही? कारण आजारही बाळापर्यंत पोचतो. वाढलेला रक्तदाब वारेला अपुरा रक्तपुरवठा करतो. उपचार न केलेला थायरॉइड गर्भपाताची शक्यता वाढवतो. कुठलंही औषध न घेणाऱ्या स्त्रियांमध्येसुद्धा शंभरातल्या साधारण तीन बाळांत काही ना काही मोठा जन्मदोष आढळतो. औषधाचा धोका मोजायचा तो या तीनच्या वर किती, असा. आणि तो आजार तसाच सोडल्यास काय होईल, याच्याशी ताडून.

अनेक जण गोळीपुढे ए, बी, सी, डी, एक्स अशी अक्षरं शोधतात. ती पद्धत अमेरिकेत १९७९ मध्ये आली आणि २०१५ पासून तिथल्या नियामकाने ती काढायला सुरुवात केली. ‘सी’ या एकाच खान्यात अभ्यास न झालेली औषधं आणि प्राण्यांत दोष दिसलेली औषधं एकत्र पडत. जुन्या तक्त्यांतलं अक्षर बघून निर्णय घेऊ नका.

आता तुमच्या गोळ्यांकडे येते.

टेल्मिसार्टन. हे ‘सार्टन’ गटातलं औषध आहे. एनालाप्रिल, रामिप्रिल ही ‘प्रिल’ औषधं त्याच यंत्रणेवर काम करतात. या दोन्ही गटांचा पक्का धोका चौथ्या महिन्यापासून पुढे आहे: बाळाच्या मूत्रपिंडावर परिणाम होतो, लघवी कमी होते, म्हणून गर्भजल आटतं, आणि गर्भजल नसलं की फुफ्फुसं नीट वाढत नाहीत. पहिल्या तीन महिन्यांतल्या धोक्याबाबतचे पुरावे तितके ठाम नाहीत. म्हणूनच मूत्रपिंडाचा आजार असलेल्या आणि लघवीतून खूप प्रथिनं जाणाऱ्या काही जणींना डॉक्टर जाणूनबुजून चाचणी येईपर्यंत हे औषध चालू ठेवतात. तिथे औषधाचा फायदा मोठा असतो, पाळी नियमित असते आणि दर महिन्याला वेळेवर चाचणी करण्याची शिस्त ठरलेली असते. तुमचं कारण साधा रक्तदाब असेल तर असा धोका पत्करण्यात अर्थ नाही. आधीच बदलून घ्या.

पर्याय मुख्यतः तीन: लॅबेटॅलॉल, हळूहळू सुटणारं निफेडिपिन आणि मिथाइलडोपा. तुम्हाला अर्धशिशी आहे, म्हणून मी लॅबेटॅलॉलपासून सुरुवात सुचवीन. निफेडिपिनने स्वतःच डोकं दुखू शकतं आणि मग दुखणं कशाचं हेच कळत नाही. पण दमा असेल तर लॅबेटॅलॉल नको. मिथाइलडोपाने सुस्ती येते, काहींचं मन उदास होतं; ज्यांना आधी नैराश्य होऊन गेलंय त्यांना ते शक्यतो देऊ नये. अटेनोलॉल चालू असलेल्यांनीही बदलून घ्यावं, त्याने बाळाची वाढ खुंटण्याची शक्यता असते. नवी गोळी लागली की दोन आठवडे घरी सकाळ-संध्याकाळ रक्तदाब मोजून वहीत लिहा. १४०/९० च्या खाली राहिला पाहिजे.

इथे हमखास होणारी चूक म्हणजे संयुक्त गोळी. टेल्मिसार्टन अनेकदा अॅम्लोडिपिन किंवा लघवी वाढवणाऱ्या औषधाबरोबर एकाच गोळीत असतं आणि आपण नुसतं ब्रँडचं नाव सांगतो. पाकिटावरचं बारीक अक्षरातलं घटकांचं नाव वाचा, तेच सांगा. शिवाय ३२व्या वर्षी रक्तदाब का वाढला, हे कधी तपासलं नसेल तर आत्ताच तपासा. क्रिएटिनिन (मूत्रपिंडाचं काम दाखवणारी रक्ततपासणी) आणि लघवीतलं प्रथिन यांची आधीची नोंद हाती असली तर सातव्या महिन्यात प्रथिन दिसल्यावर ते जुनं की नवं याचा खल करत बसावं लागत नाही.

टोपिरामेट. या तिघांत मला सगळ्यात जास्त काळजी याचीच वाटते. पहिल्या तीन महिन्यांत ते पोटात गेलं तर दुभंगलेला ओठ किंवा टाळू असलेलं बाळ होण्याची शक्यता कित्येक पटींनी वाढते, आणि बाळ कमी वजनाचं होण्याचीही. युरोपच्या औषध नियामकाने २०२३ मध्ये आढावा घेतला तेव्हा टोपिरामेट घेणाऱ्या स्त्रियांच्या शंभरातल्या ४ ते ९ बाळांत जन्मदोष दिसतात, न घेणाऱ्यांत १ ते ३, असे आकडे मांडले. मुलांच्या मानसिक वाढीवर परिणाम होण्याची शक्यताही नोंदवली. अर्धशिशीसाठी घेत असाल तर गरोदरपणात ते वर्ज्यच आहे, आणि खात्रीचं गर्भनिरोधन नसेल तर गरोदर राहू शकणाऱ्या स्त्रीनेही घेऊ नये.

तरीही एका दिवसात बंद करू नका. १०० मिलिग्रॅमवरून दर आठवड्याला २५ ते ५० मिलिग्रॅम कमी करत दोन ते चार आठवड्यांत शून्यावर यायचं. एकदम थांबवलं तर डोकेदुखी उसळते. एक महत्त्वाची अट: तुम्हाला कधीकाळी फिट आली असेल आणि हे औषध त्यासाठीही चालू असेल, तर वरचं वेळापत्रक तुमच्यासाठी नाही. फिटचं औषध मेंदूविकारतज्ज्ञाशिवाय कमी करणं जीवावर बेतू शकतं. तिथे सहसा लॅमोट्रिजिन किंवा लेव्हेटिरासेटामकडे वळतात, त्याला महिने लागतात. व्हॅल्प्रोएट या फिटच्या औषधावर असलेल्या प्रत्येकीने तर हे संभाषण फार आधी करायला हवं: त्याने साधारण दहातल्या एका बाळात मोठा दोष होतो आणि दहातल्या तीन ते चार मुलांना वाढीच्या, शिकण्याच्या अडचणी येतात.

टोपिरामेट गेल्यावर अर्धशिशीचं काय? अनेकींना चौथ्या महिन्यानंतर त्रास आपोआप कमी होतो, पण तोवरचे महिने काढायचे असतात. रोजचं औषध लागलंच तर कमी मात्रेत प्रोप्रॅनोलॉल हा बराच वापरला जाणारा पर्याय. इथेही दोन खड्डे आहेत. एक, रक्तदाबाचे डॉक्टर लॅबेटॅलॉल देतात आणि डोकेदुखीचे प्रोप्रॅनोलॉल. दोन्ही बीटा ब्लॉकर, म्हणजे हृदयाची गती कमी करणाऱ्या एकाच गटातली औषधं, आणि दोन्ही डॉक्टरांना एकमेकांचं माहीत नसतं. नाडी मंदावते, चक्कर येते. दोन, कॅन्डेसार्टन. अर्धशिशीवर ते चांगलं चालतं, रक्तदाबही उतरवतं, म्हणून ‘एका दगडात दोन पक्षी’ म्हणून कुणी सुचवेल. तेही सार्टनच आहे.

डोकं दुखेल त्या दिवसासाठी पॅरासिटामॉल, लागल्यास उलटीचं औषध. अर्धशिशीचा झटका थांबवणाऱ्या ट्रिप्टान गटात सुमाट्रिप्टानचा गरोदरपणातला अनुभव सर्वाधिक आहे, पण रक्तदाब आटोक्यात नसेल तर तेही नको. एर्गोटामिन असलेल्या जुन्या डोकेदुखीच्या गोळ्या पूर्ण वर्ज्य, कारण त्याने गर्भाशय आकुंचन पावतं. आयब्युप्रोफेन किंवा डायक्लोफेनॅक सर्रास घेतलं जातं. प्रयत्नांच्या महिन्यांत टाळलेलं बरं, कारण अंडं फुटून बाहेर पडण्याच्या क्रियेत ते आडवं येऊ शकतं. पाचव्या महिन्यानंतर ते बाळाच्या मूत्रपिंडासाठी आणि पुढे हृदयाजवळच्या एका रक्तवाहिनीसाठी धोक्याचं आहे.

लेव्होथायरॉक्सिन. ही गोळी कुणाच्याही सांगण्यावरून सोडू नका. बाळाची स्वतःची ग्रंथी साधारण बाराव्या आठवड्यापासून हार्मोन बनवू लागते आणि पुरेसं बनवायला अर्धं गरोदरपण जातं. तोवर बाळाच्या मेंदूला लागणारं हार्मोन तुमच्याकडूनच जातं. प्रयत्न सुरू करण्याआधी टीएसएच (थायरॉइडची रक्ततपासणी; थायरॉइड कमी पडला की हा आकडा चढतो) २.५ च्या खाली आणा. चाचणी ‘हो’ आली की गरज २५ ते ३० टक्क्यांनी वाढते. सोपा मार्ग असा: आठवड्याला सातऐवजी नऊ गोळ्या, म्हणजे दोन ठरलेल्या दिवशी दुप्पट. डॉक्टरांशी हे आधीच बोलून ठेवा, म्हणजे चाचणी येईल त्याच दिवशी सुरू करता येईल. मग गरोदरपणाच्या मध्यापर्यंत दर चार आठवड्यांनी टीएसएच. गोळी उपाशीपोटी घ्यायची आणि लोह-कॅल्शियमपासून चार तासांचं अंतर ठेवायचं. गरोदरपणाच्या जीवनसत्त्वांच्या गोळीतही लोह असतं. ती सकाळी थायरॉइडच्या गोळीबरोबरच घेतली जाते, आणि मग मात्रा वाढवूनही टीएसएच का उतरत नाही असा प्रश्न पडतो. जीवनसत्त्वांची गोळी रात्री घ्या.

या तिन्हींच्या जोडीला फॉलिक अॅसिड आजच सुरू करा. निदान एक महिना आधी, शक्य तर तीन, आणि बाराव्या आठवड्यापर्यंत रोज ४०० मायक्रोग्रॅम. १९९१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ब्रिटनच्या वैद्यकीय संशोधन परिषदेच्या चाचणीत, आधी मज्जारज्जूच्या दोषाचं बाळ झालेल्या स्त्रियांना ४ मिलिग्रॅम दिल्यावर तो दोष पुन्हा होण्याचं प्रमाण ७२ टक्क्यांनी घटलं. म्हणून आधी असं बाळ झालेल्यांना, मधुमेह असलेल्यांना आणि फिटची औषधं घेणाऱ्यांना ४-५ मिलिग्रॅम देतात. ५ मिलिग्रॅमची गोळी नेहमीच्या मात्रेच्या साडेबारा पट आहे. ती तुम्हाला लागेल का, हे डॉक्टरांना ठरवू द्या. शाकाहारी असाल तर बी-१२ तपासून घ्या, कारण जास्त फॉलिक अॅसिडने रक्तातली सुधारणा दिसते आणि बी-१२च्या तुटवड्याचा नसांवरचा परिणाम झाकला जातो.

तुम्ही तीन गोळ्या सांगितल्यात, पण यादी सहसा तिथे संपत नाही. लोक ज्यांना औषध म्हणत नाहीत तीच विचारायची राहतात. मुरुमांसाठी आयसोट्रेटिनोइनचा कोर्स झालाय का? शेवटच्या गोळीनंतर निदान एक महिना थांबावं लागतं. सोरायसिससाठी अॅसिट्रेटिन घेतलं असेल तर तीन वर्षं. चेहऱ्याला रात्री लावायचं रेटिनॉलचं क्रीम, केसांसाठीच्या ‘व्हिटॅमिन’ गोळ्या: तयार स्वरूपातलं अ जीवनसत्त्व दिवसाला १०,००० युनिटच्या वर जाता कामा नये. वजनासाठी सेमाग्लुटाइडचं इंजेक्शन असेल तर दोन महिने आधी थांबवावं लागतं. त्यातलं औषध शरीरातून सावकाश जातं. वनस्पतींच्या किंवा धातू मिसळलेल्या पुड्या, ज्यांवर घटक लिहिलेले नाहीत, त्या थांबवाच. शिसं हाडांत साठतं आणि गरोदरपणात तिथून रक्तात उतरतं. गोवर-रुबेलाची लस राहिली असेल तर ती आत्ताच घ्यावी आणि नंतर एक महिना थांबावं, कारण ती जिवंत विषाणूची आहे.

मिस्टरांच्या फिनास्टेराइडबद्दल: वीर्यातून येणारं प्रमाण इतकं नगण्य असतं की त्याने बाळाला इजा होत नाही. पण काही पुरुषांत शुक्राणूंची संख्या घटते. शुक्राणू तयार व्हायला साधारण ७४ दिवस लागतात, म्हणून थांबवायचं ठरलं तर तीन महिने आधी. तुम्ही स्वतः फुटलेल्या किंवा कुटलेल्या गोळीला हात लावू नका. याहून मोठा अडथळा टेस्टोस्टेरॉनचा असतो. शरीर कमावण्यासाठी ते घेणाऱ्यांत शुक्राणू शून्यावरही येतात आणि परतायला कित्येक महिने लागतात. पुरुष मेथोट्रेक्सेट, सल्फासलाझिन किंवा व्हॅल्प्रोएट घेत असेल तर त्यानेही आधी विचारावं.

क्रम असा ठेवा. या आठवड्यात: फॉलिक अॅसिड, रक्ततपासण्या, डॉक्टरांची वेळ. पहिला महिना: टेल्मिसार्टन बदलून नव्या गोळीवर रक्तदाब स्थिर. दुसरा: टोपिरामेट उतरवणं. दोन्ही बदल एकाच आठवड्यात नकोत, नाहीतर डोकं दुखलं तर कारण कळणार नाही. तिसरा: काही न बदलता नुसतं बघणं, डोकेदुखीचे दिवस मोजणं, टीएसएच पुन्हा. हे सगळं पार पडेपर्यंत निरोध न चुकता. रक्तदाब आणि अर्धशिशी दोन्ही असताना इस्ट्रोजेन असलेल्या गर्भनिरोधक गोळ्या तुमच्यासाठी योग्य नाहीत. चौथ्या महिन्यात पाळी आल्यावर गर्भनिरोधन थांबवा. आणि एक गोष्ट वहीत आत्ताच लिहून ठेवा: आधीपासून रक्तदाब असलेल्यांना बाराव्या आठवड्यापासून कमी मात्रेचं अॅस्पिरिन सुरू करतात, पुढे येणाऱ्या प्रीएक्लॅम्प्सियाची (गरोदरपणात रक्तदाब चढून इतर अवयवांनाही त्रास होण्याची) शक्यता घटवण्यासाठी. ते कुणी सुचवलं नाही तर तुम्ही विचारा.

आणि हे सगळं होण्याआधीच दिवस गेले तर? लेव्होथायरॉक्सिनच्या आठवड्याला दोन गोळ्या वाढवा. त्याच दिवशी डॉक्टरांना फोन करा. टेल्मिसार्टन दोन दिवसांत बदललं गेलं पाहिजे आणि टोपिरामेट कसं उतरवायचं हे त्यांनी सांगायला हवं. केवळ या गोळ्या पोटात गेल्या म्हणून गर्भपाताचा निर्णय घेऊ नका. टोपिरामेट घेतलेल्यांचीही बहुतेक बाळं निरोगी जन्मतात. १८ ते २० आठवड्यांच्या सोनोग्राफीला जाताना कोणती गोळी, किती मिलिग्रॅम, कोणत्या तारखेपर्यंत घेतली ते कागदावर लिहून न्या आणि ओठ-टाळू मुद्दाम बघायला सांगा.